चुकलेल्या नावांची मांडणी

भोकरदनच्या बाजारपेठेत एक भांड्यांचं दुकान आहे, तिथं मी कामाला आहे. बरीच वर्षं झाली. दुसऱ्या कुणाला ही साधी गोष्ट वाटंल, पण मला ओळखणाऱ्या माणसाला सांगून बघा, आधी तो हसंल. म्हणंल, ती अन् टिकली? माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि नाक आधीच लांब आहे.

या दुकानाच्या आधी मी तीन दुकानं सोडली. तेव्हा आम्ही नवीन जालन्यात स्टेशनच्या अंगाला खोली करून राहत होतो. नवरा बियाण्याच्या गोदामावर कामाला होता आणि मला घरात बसवत न्हाई, म्हणून मी दुकानं धरली.

पहिलं दुकान साड्यांचं. पांढऱ्या गादीवर बसून साड्या उलगडायच्या, गिऱ्हाईक गेलं की घड्या घालायच्या. काम मला मनापासून आवडायचं. पदर हवेत असा सोडायचा की समोरच्या बाईचा हात आपोआप पुढं आला पाहिजे, ते मला पहिल्याच आठवड्यात जमलं. पण त्या दुकानात बायांसाठी संडास न्हाई. शेठचं घर वरच्या मजल्यावर, तिथं होता, पण कामाच्या बायांनी जिना चढायचा न्हाई. मंग आम्ही काय करायचो? पाणीच प्यायचो न्हाई. सकाळी घोटभर पिऊन निघायचं, ते संध्याकाळी घरी गेल्यावर. जालन्याच्या मे महिन्यात. एक दिवस पोटात अशी कळ आली की मी साड्यांच्या ढिगावरच आडवी झाले. शेठ म्हणाले, "अगं, साडी चुरगळंल." मी उठले, ती साडी नीट घडी करून त्यांच्या पुढ्यात ठेवली, अन् जी निघाले ती परत गेले न्हाई.

दुसरं मोठं मार्ट. गार हवा, चकचकीत फरशी, अंगात कंपनीचा टी-शर्ट. संडास होता, आरसा बी होता. पण बसायला काही न्हाई. दिवसभर उभं. एकदा साबणाच्या कप्प्यापाशी मी जरा भिंतीला पाठ टेकवली, तर लगेच फोन वाजला. "ताई, तुम्ही कॅमेऱ्यात टेकलेल्या दिसून राह्यल्या." मी म्हणाले, टेकलेलीच आहे, कॅमेरा बराबर दाखवून राह्यला. आणि संध्याकाळी निघताना गिऱ्हाइकांच्या देखत पिशवी उघडून दाखवायची. रुमाल, डबा, कंगवा, सगळं. तिथं दर महिन्याला नव्या पोरी यायच्या आणि तोंडओळख व्हायच्या आत जायच्या. मॅनेजर म्हणायचे, आजकाल कुणाला काम करायलाच नको. काम सगळ्यांना पाहिजे होतं. पिशवी उघडून दाखवायची नव्हती. तीन दुकानांत तिथलाच पगार बरा होता, तरी मी सोडलं.

तिसरं बांगड्यांचं. तिथं मालकाच्या भावजयीच्या हातून काचेच्या बांगड्यांचा अख्खा खोका पडला. मी समोर उभी होते, डोळ्यांनी बघितलं. मालक आले, काचा बघितल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "लक्ष कुठं असतं तुझं?" भावजय गप्प. मी सांगितलं तर म्हणे, घरच्या माणसावर घालते का. खोटा आळ मला सोसत न्हाई. बाकी काहीही सोसंल, उपाशी राहीन, पण न केलेलं माझ्यावर घातलं की डोक्यात राखच जाते. मी असं काही बोलले की मालकाच्या भावजयीनं कानावर हात ठेवले. अर्थातच तिसरं दुकान सुटलं.

मंग सासरे वारले, गोदामावरचं काम बी सुटलं आणि आम्ही गावी धावड्याला आलो. घरी सासू, थोडं रान, चार शेळ्या. या घरची मेंढरं सासऱ्यांच्या तरुणपणीच गेल्ती, पण सासूचा आवाज मेंढरं हाकणारीचाच राहिला. या कोपऱ्यातून बोलली तर त्या कोपऱ्यातल्या माणसानं उठून उभं राहावं. तिला माझी तिन्ही दुकानं तोंडपाठ. शेजारीण आली की तिला सांगायची, "आमची सून लई हुशार, फकस्त कुठं टिकत न्हाई."

मी भोकरदनला काम बघते म्हणाले तेव्हा ती निवडत असलेली मेथी खाली ठेवून म्हणाली, "जा. पण हे शेवटचं. हेबी सोडून आलीस तर परत गावाबाहेर पाय टाकायचा न्हाई. माझ्यासंगं रानात यायचं. आन् दिवे लागायच्या आत घरात पाहिजेस." नवरा मध्ये पडला न्हाई. तो चांगला आहे, पण आईपुढं त्याची जीभ टाळूला चिकटती.

रानात जायला मला कमीपणा वाटत न्हाई. पण मला दुकान आवडतं. माणसं येतात, वस्तू हातात घेऊन फिरवतात, घासाघीस करतात, संसाराचं बोलतात, त्यात माझा जीव रमतो. तुरीच्या तासात, दोन ओळींच्या मधी, मी दिवसभर एकटी वाकून राहिले की संध्याकाळी माझ्याशीच भांडते. म्हणून त्या अटीची मला भीती वाटली. मला माझा स्वभाव माहीत होता ना.

भांड्यांच्या दुकानाची मालकीण एक बाई. तिचा नवरा, म्हणजे काका, वारले तेव्हापासून गल्ल्यावर तीच. सगळे तिला काकू म्हणतात, गिऱ्हाईक बी. ठेंगणी, गुडघ्यांनी अधू, डोळ्यांवर जाड चष्मा. तिनं मला विचारलं, आधी कुठं होतीस, का सोडलंस. मी ठरवून आल्ते की काहीतरी गोड सांगायचं, घर बदललं वगैरे. पण तोंड सुटलं ते सुटलं. साडी, मार्ट, बांगड्या, सगळं सांगून टाकलं. मनात म्हणाले, झालं, आता ही कशाला ठेवती.

काकूनं ऐकून घेतलं. मंग उठून मला मागच्या बाजूला नेलं आणि एका दाराकडं बोट करून म्हणाली, "हा संडास. किल्ली या खिळ्याला असती. विचारायचं न्हाई, घ्यायची. अन् माठ तिकडं ए. पाणी पीत जा." एवढंच. पगाराचं त्याच्यानंतर बोलणं झालं. 

काकू देवी आहे असं मी म्हणणार न्हाई. तिचा चहा इतका पातळ असतो की कपाचा तळ दिसतो. साखरेला हात आखडता. न सांगता खाडा केला तर दुसऱ्या दिवशी अशी बोलते की त्यापेक्षा तापात कामावर आलेलं बरं. माझ्या डब्यातल्या भाजीत मीठ जास्त आहे हे तिनं न चाखता सांगितलेलं आहे. पण त्या दुकानात काउंटरच्या मागं प्रत्येकीला स्टूल आहे. गिऱ्हाईक नसलं की बसायचं. गिऱ्हाईक आलं तरी गुडघा दुखत असंल तर बसूनच दाखवायचं, ताटल्यांना काही फरक पडत न्हाई, असं तिचं म्हणणं.

माझ्याबरोबर अक्का. त्या काकांच्या वेळेपासूनच्या, स्टीलची बाजू त्यांची. जालना रोडला नवीन मोठं भांड्यांचं शोरूम झालं तेव्हा त्यांना तिथून बोलावणं आल्तं, जास्त पगारावर. अक्का सुट्टीच्या दिवशी साडी नेसून बघून आल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "लई चांगलं ए. लाइटी लई. स्टूल न्हाई." आणि फडकं घेऊन पातेली पुसायला लागल्या. त्या विषयावर त्या पुन्हा बोलल्या न्हाईत.

पण त्या दुकानातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट स्टूल न्हाई. पहिल्या दिवशी जेवायला बसलो, अक्कांनी मागच्या मांडणीवरून माझ्यासाठी ताट काढलं. ताटावर नाव घातलेलं होतं. कुण्या नवरीला तिच्या मावशीकडून सप्रेम भेट, खाली तारीख. तांब्या बघितला तर त्याच्यावर कुण्या मंडळाचं नाव. पाण्याचा पेला कुण्या मास्तरांच्या निरोपसमारंभाचा. काकू समोर बसून जेवत होती, तिच्या ताटावर तर दोन नावं, एक खोडून वर दुसरं.

मी विचारलं, ही माणसं कोण?

अक्का हसल्या. म्हणाल्या, "ह्या आपल्या चुका ए."

आमच्याकडं भांडं नाव घातल्याशिवाय आहेरात जात न्हाई. दुकानातच हातात धरायचं मशीन असतं, विजेवर चालतं, टर्रर्र करत स्टीलवर टिंबांचं अक्षर उमटवतं. एकदा उमटलं की ते जात न्हाई. तारीख चुकली, गाव चुकलं, मामाच्या जागी काका आला, की ते भांडं वाया. दुसऱ्या दुकानांत ते नाव घालणाऱ्याच्या पगारातून कापतात, मंग तो चूक लपवतो, भांडं तसंच कागदात गुंडाळून देतो आणि भांडण थेट मांडवात होतं. काकांनी पहिल्यापासून वेगळा रिवाज पाडला. चुकलेलं भांडं मागच्या मांडणीवर. तिथून कुणी काही कापायचं न्हाई, कुणी काही बोलायचं न्हाई. दुपारी सगळ्यांनी त्याच्यातच जेवायचं, मालकानं बी. काकूचं ते दोन नावांचं ताट काकांच्या हातचं.

"आपल्याकडं एकच नियम ए," काकू भाकरी मोडता मोडता म्हणाली. "चूक झाली की पहिलं मला सांगायचं. गिऱ्हाइकाच्या आधी, देवाच्या बी आधी. मंग काय रडायचं ते रडा."

मी त्या अनोळखी मावशीच्या ताटात जेवले. तीन दुकानांत मी डबा कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून खाल्ला होता. इथं मधोमध बसून जेवताना मला कसंतरीच झालं. रडू आलं म्हणा ना, पण मी खोकल्यासारखं केलं.

हळूहळू अक्कांनी मला मशीन शिकवलं. हात हलका पाहिजे, श्वास धरायचा न्हाई, सोडत राहायचा. नाव सांगणाऱ्यानं सांगायचं, घालणाऱ्यानं ते परत मोठ्यानं म्हणायचं, समोरचा "बराबर" म्हणाला की मंगच मशीन टेकवायचं. हा बी दुकानाचा रिवाज. माझं अक्षर पहिल्यापासून बरं, मशीनवर ते आणखी सुधारलं. काकू गिऱ्हाइकांना माझं अक्षर बोटानं दाखवायची आणि माझ्याकडं मात्र बघायची न्हाई, मी डोक्यावर चढंन म्हणून. घरी सासू रोज संध्याकाळी विचारायची, "हाये का सोडलंस?" मी म्हणायचे, हाय. ती हूं करायची आणि शेळ्यांकडं वळायची.

मंग ती लग्नसराई आली.

भोकरदन तालुक्यातल्याच एका गावचे दोन चुलत भाऊ. आडनाव एक, गाव एक, मधी बांध एक, आणि त्या बांधावरून कोर्टात केस चालू. एकमेकांच्या दारात पाय ठेवत न्हाईत, समोरून आला तर रस्ता बदलतात. दोघांच्या बी पोरी लग्नाच्या. थोरल्यानं तिथी धरली, तर धाकट्यानं मुद्दाम तीच धरली. का, तर गावानं ठरवावं कुणाच्या मांडवात जेवायला जायचं. आणि दोघांनी बी पोरीचा संसार आमच्याच दुकानातून घेतला. संसार म्हणजे बापानं पोरीला द्यायची सगळी भांडी, चमच्यापासून हंड्यापर्यंत, आणि प्रत्येकावर बापाचं नाव.

थोरल्याचा माल आधीच गेल्ता, त्याच्यावरची नावं अक्कांनी घातलेली. धाकट्याचा राहिला होता, लग्न उद्यावर. सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा न्हाई. काकू एका कानाला फोन लावून कुणाशी तरी हंड्यांचं बोलत होती, दुसऱ्या हातानं सुट्टे पैसे देत होती, आणि तशातच तिनं मला नाव सांगितलं. मी मोठ्यानं परत म्हणाले. तिनं मान हलवली, "बराबर". मी या भावांना ओळखत नव्हते. मला काय माहीत. मी बसले आणि एकेक भांडं हातावेगळं करत गेले. परातीवर तर मी नावाच्या दोन्ही बाजूंना वेल काढली, माझ्या मनानं, पोरीचं लग्न आहे म्हणून.

दुपारी धाकटा भाऊ माल न्यायला आला. बरोबर मेहुणा आणि आणखी दोघं-तिघं. अक्कांनी परात पुढं केली. त्यानं ती कौतुकानं दोन्ही हातांनी घेतली, उजेडाकडं धरली आणि वाचली.

मी माणसाचा चेहरा असा उतरताना कधी बघितला न्हाई. त्यानं दुसरं भांडं उचललं, तिसरं उचललं. सगळ्यांवर त्याच्या थोरल्या चुलतभावाचं नाव.

"माझ्या पोरीनं जन्मभर ह्याच्या नावाच्या परातीत पीठ मळायचं?" तो म्हणाला. आवाज मोठा बी नव्हता. मोठा झाला तो पुढच्या वाक्याला. "कुणी केलं हे?"

मशीन माझ्या हातात होतं. वायर अजून बोर्डात होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मेहुणा पुढं आला आणि त्यानं मला अडाणी म्हटलं, आंधळी म्हटलं, पैसे खाऊन थोरल्यानंच हे करवून घेतलं असंल म्हटलं. हे शेवटचं ऐकलं आणि माझे कान तापले. मी बोर्डातून वायर उपटली. खुंटीवरची पिशवी काढून खांद्याला लावली.

खरं सांगते, त्या वेळी मला सगळं दिसत होतं. दाराबाहेर पाय टाकला की तो भोकरदनमधला शेवटचा. उद्यापासून तुरीचं तास आणि सासूचा तो "हूं". हे मला माहीत होतं आणि तरी पाय चालायला लागले होते. कारण पुढं काय होणार हे बी मला माहीत होतं. मालक गिऱ्हाइकापुढं हात जोडणार, माझ्याकडं बोट करणार, नवीन बाई ए, समज कमी ए, म्हणणार. बांगड्यांच्या दुकानात झालं ते. ते ऐकायला थांबण्यात काय अर्थ होता?

काकू गल्ल्यावरून उठली. गुडघे धरत काउंटरला वळसा घालून बाहेर आली. तापलेल्या गिऱ्हाइकासमोर दुकानदार कधी काउंटर सोडून येत न्हाई, तो काउंटरच्या आत बरा असतो. ती येऊन माझ्या आणि त्या मेहुण्याच्या मधी उभी राहिली. 

"हिला बोलू नका, भाऊ," ती धाकट्याला म्हणाली. "नाव मी सांगितलं. हिनं मला परत विचारलं, मी बराबर म्हणाले. हिनं मी सांगितलं तेच घातलं. चूक माझी ए."

तो माणूस तिच्याकडं बघतच राहिला. तो नोकराशी भांडायची तयारी करून उभा होता, मालकिणीनं चूक पदरात घेतली तर पुढचं वाक्य काय बोलायचं ते त्याला सापडंना. शेवटी म्हणाला, "म्हंजे तुमची चूक?"

"माझी. दिवेलागणीच्या आत तुमच्या नावाचा संसार तुमच्या दारात आणून देते. पोरीच्या लग्नाला गालबोट लागू देणार न्हाई."

मंग ती माझ्याकडं वळली. मी पिशवी लावून दाराजवळ पोचले होते. मला वाटलं आता म्हणंल, काय तमाशा लावलाय, बस खाली. ती तसं म्हणाली असती तर मी गेले असते, अजूनही सांगते. ती म्हणाली, "थांबशील का? मला तुझा हात पाहिजे."

चारचौघांत, गिऱ्हाइकांच्या देखत, मालकिणीनं मला विचारलं. मी पिशवी खुंटीला लावली. वायर अक्कांनी बोर्डात लावून दिली.

ती दुपार मी विसरणार न्हाई. जेवढी भांडी दुकानात होती तेवढी काढली, कमी पडली ती काकूनं समोरच्या दुकानातून आणली. रोजचं वैर असलेला दुकानदार, पण ती त्याच्या पायरीवर जाऊन म्हणाली, माझी चूक झाली, दे. त्यानं मुकाट्यानं दिली. अक्का पुसून देत होत्या. काकू माझ्याशेजारी स्टुलावर बसली आणि प्रत्येक भांडं माझ्या हातात देताना नाव नव्यानं सांगायची. मी परत म्हणायचे. आता "बराबर" म्हणायला धाकटा भाऊ स्वतः बसला होता. पहिल्या दहा-पंधरा भांड्यांना त्यानं ते दातओठ खात म्हटलं, पुढं पुढं त्याचा आवाज निवळत गेला. मध्येच चहा आला. त्यानं कप तोंडाला लावला, खाली घेतला आणि कपावरचं नाव वाचून विचारलं, हे कोण?

काकू म्हणाली, "आमच्या जुन्या चुका ए, भाऊ. धुऊन घेतल्यात."

मेहुण्याला हसू फुटलं. धाकटा हसला न्हाई, पण चहा पूर्ण प्याला, त्या पातळ चहात हे काही कमी न्हाई. परातीची पाळी आली तेव्हा तो मला म्हणाला, "ताई, ती वेल काढली होती ना दोन्ही बाजूंना, तशी काढा." मी काढली. पहिल्यापेक्षा चांगली काढली. चुकीची भांडी एवढी होती की मागच्या मांडणीवर मावणार नव्हती, ती काकूनं मोडीत घालायला काढून ठेवली. एवढा सगळा माल मोडीत निघताना तिच्या पोटात काय झालं असंल ते तिलाच माहीत, तोंडावर काही दिसलं न्हाई.

शेवटचं भांडं झालं तेव्हा माझी धावड्याची गाडी गेल्ती. बाहेर ऊन उतरलं होतं. आता उमगलं की मी थांबले ते थांबले, पण सासूची दुसरी अट मोडली. काकूला मी ती अट कधी सांगितली नव्हती, तेव्हा सांगितली. तिनं दुकानाचा टेम्पो भरला, पुढं मला घेतलं आणि स्वतः बी चढून बसली. आधी त्या गावी माल उतरवला, मांडवात सगळ्यांसमोर पुन्हा एकदा म्हणाली, चूक माझी होती. मंग टेम्पो धावड्याकडं काढला.

आम्ही पोचलो तेव्हा दिवे लागलेले होते. सासू ओट्यावर उभी, कमरेवर हात. टेम्पोतून मी उतरलेली बघून तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मागून काकू गुडघे धरत उतरली. सासूनं तोंड मिटलं आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला.

काकू ओट्यावरच बसली. म्हणाली, "मावशी, उशीर माझ्यामुळं झाला. आज माझ्या हातून मोठी चूक झाली. बोलणी हिनं खाल्ली, अन् निस्तरली बी हिनंच. ही नसती तर आज माझी अब्रू गेली असती. हिला काही बोलू नका."

सासू तिच्याकडं टक लावून बघत होती. "तुमची चूक," ती म्हणाली, "ते तुम्ही समद्यांसमोर म्हणलात?"

"म्हणाले ना. होतीच माझी."

सासू "बरं" म्हणाली. बस, एवढंच. काकूला गूळ-शेंगदाणे दिले, टेम्पोपर्यंत गेली. परत आली ती थेट शेळ्यांकडं. माझ्याशी एक शब्द न्हाई. जेवताना न्हाई, नंतर न्हाई. त्या दिवशी तिनं "हाये का सोडलंस" ते बी विचारलं न्हाई. मी मनाशी म्हणाले, संपलं. काकूनं एवढं केलं तरी संपलं. तिची अट म्हणजे अट.

सकाळी मी मुद्दाम आवरलं न्हाई. साधी साडी नेसले, रानातली. चुलीपाशी गेले तर सासू भाकरी थापत होती आणि शेजारी माझा डबा भरून, फडक्यात बांधून ठेवलेला. इतक्या वर्षांत तिनं माझा डबा कधी भरला नव्हता.

मी उभीच राहिले. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागली. तो मेंढरं हाकायचा आवाज कुठं गेल्ता कुणास ठाऊक.

"मी बी व्हते भोकरदनला. तुझा नवरा पोटात यायच्या आधी. किराण्याच्या दुकानात, धान्य निवडायला. चांगलं काम व्हतं, सावलीतलं. शेठच्या पोरानं तेलाचा डबा लवंडला आन् माझं नाव सांगितलं. शेठनं बी तेच धरलं. त्याला ठावं व्हतं. माझ्या तोंडाकडं बघून कळलं व्हतं त्याला." तिनं भाकरी फुफाट्यावर टेकवली. "मी तवाच्या तवा उठून आले. गावानं म्हणलं, हिनं कायतरी केलं असंल म्हणून काढलं. तुझ्या सासऱ्यानं बी म्हणलं. मंग मी परत गावाबाहेर कामाला पाय टाकला न्हाई."

मी तिच्याजवळ खाली बसले. तिनं भाकरी फिरवली, फुगू दिली, मंग पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं.

"माझ्यावर घातलेली चूक आजून माझ्याच अंगावर हाय," ती म्हणाली. "तुझी उतरली. ऊठ, ती साडी बदल. गाडी चुकंल."